राजीनामा आधी की निकालानंतर?

ए-१०४: सगळ्यांना नमस्कार. सकाळी फिरताना ए-४०३च्या काकांशी विषय निघाला आणि अर्धवट राहिला, म्हणून इथे सोसायटीच्या ग्रुपवर लिहितो. मी तीस वर्षं राज्य सरकारच्या नोकरीत होतो. एकदा निवडणुकीला उभं राहावं असं फार मनात होतं. साहेबांनी नियम दाखवला. आधी नोकरीचा राजीनामा, तो मंजूर झाला की मग अर्ज. दोन मुलं शिकत होती, विषय तिथेच संपला. नियम चुकीचा होता असं मी आजही म्हणत नाही. पण आमदार लोकसभेला उभा राहतो तेव्हा त्याची आमदारकी शाबूत कशी राहते? पडला तर परत येऊन त्याच खुर्चीवर बसतो. त्यानेही अर्ज भरायच्या आधी राजीनामा द्यावा, असं माझं मत आहे.

ए-४०३: सर, तुमची नोकरी आणि आमदारकी एका मापाने मोजता येणार नाही. सरकारी नोकराने तटस्थ राहायचं असतं, त्याच्या हातात यंत्रणा असते, म्हणून ते बंधन. आमदार कधीच तटस्थ नसतो, लोकांनी त्याला पक्षासकट निवडलेलं असतं. आणि पाच वर्षांसाठी निवडलेलं असतं. ती मुदत मधेच कापायला लावणारे आपण कोण?

ए-१०४: काका, पाच वर्षांचा शब्द त्याने दिलाय, आपण नाही. मुदत मधेच सोडायची तयारी तो अर्ज भरतानाच दाखवतो.

सेक्रेटरी: चर्चा जरूर करा, पण पक्षांवरून भांडण नको. उद्याच्या टाकी सफाईची सूचना वर पिन केली आहे, ती तेवढी सगळ्यांनी वाचा.

बी-२०४: मला आधी एक सांगा, कायद्यात आत्ता नेमकं काय आहे? बी-३०२, तू वकील आहेस, सोप्या भाषेत सांग बाई.

बी-३०२: सांगते काकू. आमदाराने खासदारकीला किंवा खासदाराने आमदारकीला उभं राहायला आपल्याकडे काहीच आडकाठी नाही. फक्त दोन्ही पदं एकदम ठेवता येत नाहीत. राज्यघटनेचं कलम १०१(२) आणि त्याखालचे १९५० चे नियम आहेत. निवडून आल्याचं राजपत्रात आलं की १४ दिवसांत विधानसभेची जागा सोडायची. नाही सोडली तर संसदेतली जागा रिकामी होते. पुष्कळांना वाटतं की आमदारकी आपोआप जाते, तसं नाही, जाते ती खासदारकी. राज्यसभेचा सदस्य लोकसभेवर निवडून आला तर मात्र त्याची राज्यसभेची जागा निवड झाल्याच्या दिवशीच आपोआप रिकामी होते.
आणि पडला तर काहीच होत नाही. आहे ते पद चालू.

बी-२०४: म्हणजे त्याचं काहीच जात नाही.

बी-३०२: नाही जात. २०२३ ची मध्य प्रदेश, राजस्थान, छत्तीसगड, तेलंगणाची निवडणूक आठवा. भाजपने २१ खासदार विधानसभेला उतरवले होते. जे जिंकले त्यांना एक जागा निवडावी लागली. जे पडले ते खासदार राहिलेच. फग्गनसिंह कुलस्ते केंद्रात मंत्री होते, निवासमधून विधानसभेला पडले, आणि खासदार म्हणून कायम राहिले.

ए-४०३: आणि २०२४ ला त्याच कुलस्त्यांना मंडलाच्या मतदारांनी पुन्हा खासदार केलं, हेही लिहा. लोकांना राग आला असता तर घरी बसवलं असतं. लोकांना चालतं ते आपण कायद्याने का थांबवायचं?

बी-३०२: काका, मुद्दा रास्त आहे. पण मतदाराला तेव्हा हा एकच प्रश्न कुणी विचारला नव्हता. मत देताना तो पक्ष बघतो, काम बघतो, समोर कोण आहे ते बघतो.
उलट दिशेचं उदाहरणही आहे. अखिलेश यादव २०१९ ला आझमगडचे खासदार झाले. २०२२ ला करहलचे आमदार झाले, म्हणून आझमगड सोडलं, तिथे पोटनिवडणूक. २०२४ ला कन्नौजचे खासदार झाले, म्हणून करहल सोडलं, तिथेही पोटनिवडणूक. पाच वर्षांत एकाच माणसाच्या निर्णयाने दोन मतदारसंघांना पुन्हा रांगेत उभं राहावं लागलं. हे सगळ्याच पक्षांत चालतं, सेक्रेटरी साहेब, म्हणून नावं घेते आहे.

बी-२०४: पोटनिवडणूक होईपर्यंत जे होतं ते मी भोगलंय. आमच्या जुन्या पत्त्यावर राहत होतो तेव्हाची गोष्ट. आमदार खासदार झाले आणि त्यांची जागा कितीतरी महिने रिकामी राहिली. ह्यांच्या ऑपरेशनसाठी मदतनिधीचा अर्ज करायचा होता, शिफारसपत्र कुणाचं घ्यायचं तेच कळेना. शेजारच्या आमदारांच्या ऑफिसात गेले तर म्हणाले, तुम्ही आमच्या मतदारसंघातल्या नाही. रिकामी खुर्ची म्हणजे काय ते तेव्हा समजलं. मत मी दिलं होतं, वणवण मलाच करावी लागली.

ए-१०४: वहिनी, हेच तर म्हणतोय. २०२४ ला आपल्या राज्यात काय झालं बघा. वर्षा गायकवाड, प्रणिती शिंदे, रवींद्र वायकर, संदीपान भुमरे, प्रतिभा धानोरकर, बळवंत वानखडे, हे सगळे आमदार असताना जूनमध्ये खासदार झाले. धारावी, सोलापूर शहर मध्य, जोगेश्वरी पूर्व, पैठण, वरोरा, दर्यापूर. सहा जागा नोव्हेंबरच्या निवडणुकीपर्यंत रिकाम्या. मधे पावसाळी अधिवेशन झालं, अर्थसंकल्प मांडला गेला, आणि या सहा ठिकाणच्या लोकांच्या वतीने सभागृहात बोलायला कुणी नव्हतं.

सी-५०१: पण सर, कायद्यात सहा महिन्यांत पोटनिवडणूक घ्यायची असते ना?

बी-३०२: असते. लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम १५१क. पण विधानसभेची मुदत एक वर्षाहून कमी उरली असेल तर ती सक्ती नाही. इथे तेच झालं. आणि सक्ती असतानाही होतेच असं नाही. पुण्याची लोकसभेची जागा आठवते? गिरीश बापट मार्च २०२३ मध्ये गेले. एक वर्षाहून जास्त मुदत शिल्लक होती, तरी पोटनिवडणूक लागली नाही. डिसेंबरमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती घ्यायला सांगितलं, जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने त्या आदेशाला स्थगिती दिली. पुण्याला थेट जून २०२४ ला खासदार मिळाला. तिथे जागा निधनाने रिकामी झाली होती, कुणाचा दोष नव्हता. म्हणून तर मला वाटतं, ज्या रिकाम्या जागा टाळता येतात त्या तरी टाळाव्यात.

ए-४०३: आता माझं नीट ऐका. मी वीस वर्षं पक्षाचं काम केलंय, कुठल्या पक्षाचं ते सोडा. सरांचा नियम २०२४ ला असता तर काय झालं असतं? त्या सहा जागा जूनमध्ये रिकाम्या झाल्या, तुमच्या नियमाने त्या मार्च-एप्रिलमध्येच झाल्या असत्या. वर जे आमदार लोकसभेला उभे राहून पडले त्यांच्याही जागा रिकाम्या झाल्या असत्या. सुटका करायला निघालात आणि रिकाम्या खुर्च्या वाढवून ठेवल्यात. बी-२०४ वहिनींची वणवण त्याने कमी होणार की जास्त?

बराच वेळ ग्रुपवर कुणी काही लिहिलं नाही.

ए-१०४: काका, हा मुद्दा माझ्या लक्षात आला नव्हता. खरं आहे. विचार करून लिहितो.

सी-५०१: सर, मी मधे बोलू का? अमेरिकेत फ्लोरिडात याच्यावर एक उपाय आहे. तिथे एका पदावर असताना दुसऱ्या पदासाठी उभं राहायचं आणि दोन्ही मुदती एकमेकींवर येत असतील, तर उमेदवारी दाखल करायची मुदत सुरू होण्याच्या किमान दहा दिवस आधी राजीनामा द्यावा लागतो. तो मागे घेता येत नाही. पण तो अमलात लगेच येत नाही, नवीन पद सुरू होईल त्या सुमाराला येतो. तोपर्यंत माणूस जुन्या पदावर काम करत राहतो. आणि जागा सुटणार हे आधीच पक्कं असल्यामुळे ती त्याच निवडणुकीत भरता येते. खुर्ची रिकामी राहतच नाही.

बी-२०४: हे चांगलं आहे. म्हणजे राजीनामा आज, पण जाणार नंतर.

ए-१०४: अरे, हेच हवं होतं मला, नीट सांगता येत नव्हतं. माझ्या मनात शिक्षा नव्हती रे. पडलास तर परत यायचा दरवाजा बंद आहे हे त्याला अर्ज भरताना माहीत असावं, आणि त्याच्या मतदारांनाही वेळेवर माहीत असावं.

बी-३०२: आणि एका दिवशी दोन निवडणुका घेणं आपल्याला नवीन नाही. २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये नांदेडला विधानसभेबरोबर लोकसभेची पोटनिवडणूक झाली, लोकांनी एकाच केंद्रावर दोन मतं दिली. २०१९ ला साताऱ्यातही तसंच झालं. उदयनराजे भोसले खासदार झाल्यावर तीनचार महिन्यांत राजीनामा देऊन पक्ष बदलून पुन्हा उभे राहिले, ती पोटनिवडणूक विधानसभेच्याच दिवशी झाली आणि श्रीनिवास पाटील निवडून आले.
फ्लोरिडाच्या बाबतीत एक सावधगिरी. २०२३ मध्ये तिथल्या विधिमंडळाने कायदा बदलून राष्ट्राध्यक्ष आणि उपराष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवारांना सूट दिली. तेव्हा तिथले गव्हर्नर रॉन डिसँटिस राष्ट्राध्यक्षपदाच्या शर्यतीत उतरत होते. असा कायदा आपल्याकडे झाला तर त्याला सूट नको, कुणालाच नको. ऑस्ट्रेलियात हे फार स्वच्छ आहे. राज्याच्या विधिमंडळाचा सदस्य असताना केंद्रीय संसदेसाठी उमेदवारीच दाखल करता येत नाही. कॅनडातही प्रांताचा आमदार केंद्राच्या निवडणुकीत उमेदवार होऊ शकत नाही.

ए-४०३: ऑस्ट्रेलियात पक्ष उमेदवार किती आधी ठरवतात ते बघ बेटा. आपल्याकडे एबी फॉर्म, म्हणजे पक्षाच्या अधिकृत उमेदवारीचा कागद, शेवटच्या दिवशी दुपारी हातात पडतो, तोही पडला तर. मी स्वतः रात्रभर पक्षाच्या कार्यालयाबाहेर बसलेलो आहे. राजीनामा दहा दिवस आधी द्यायचा आणि तिकीट दुसऱ्याला गेलं, तर तो माणूस कुठला राहिला? ज्याचं घराणं आहे, ज्याचं तिकीट नक्की आहे, तो खुशाल राजीनामा देईल. साधा आमदार, ज्याचं वर कुणी नाही, तो कधी वर जायचं धाडसच करणार नाही. तुमच्या नियमाने तोच मरतो. माझी काळजी त्याची आहे.

बी-३०२: काका, हे मात्र मला खोडता येत नाही. २०२४ ला हे घडलेलंही आहे, वेगळ्या कारणाने. निलेश लंके आणि राजू पारवे दोघांनी मार्चमध्ये आमदारकी सोडली, कारण दुसऱ्या पक्षाकडून लोकसभा लढवायची होती आणि पक्षांतरबंदीची टांगती तलवार होती. लंके जिंकले, पारवे रामटेकमधून पडले आणि दोन्ही पदं गेली. पण दोघांनी ती जोखीम घेतली. म्हणजे आमदार राजीनामा देऊन उभे राहूच शकत नाहीत असं नाही.

ए-४०३: त्यांच्या हातात तिकीट जवळपास होतं म्हणून दिला.

ए-१०४: मी शाळेत होतो तेव्हा १९६९ ची राष्ट्रपतिपदाची निवडणूक झाली. घरी रेडिओला कान लावून बसायचो. नीलम संजीव रेड्डी लोकसभेचे अध्यक्ष होते, त्यांनी अध्यक्षपद सोडलं आणि मग उभे राहिले. व्ही. व्ही. गिरी उपराष्ट्रपती होते आणि राष्ट्रपतींचं कामही बघत होते, त्यांनीही पद सोडलं. शेवटी सरन्यायाधीश हिदायतुल्ला यांना काम बघावं लागलं. गिरी जिंकले, रेड्डी पडले. वडील म्हणाले होते, दोघंही मोकळ्या हातांनी उतरले. ते वाक्य माझ्या मनात बसलंय, आणि नोकरीत असताना त्या नियमाचा राग आला नाही तो त्यामुळेच.

सी-५०१: १९९६ ला अमेरिकेत बॉब डोल यांनी कुठल्याही कायद्याची सक्ती नसताना सिनेट सोडली आणि राष्ट्राध्यक्षपदाचा प्रचार केला. पडले, पण परत जायला जागा ठेवली नव्हती.

बी-२०४: मग आता करायचं काय? नुसतं बोलून थांबायचं का? आपल्या खासदारांना पत्र देऊ या. बी-३०२, घटना बदलावी लागेल का याला?

बी-३०२: माझ्या मते नाही काकू. उमेदवारीच्या अपात्रता संसद साध्या कायद्याने ठरवू शकते, कलम १०२ आणि १९१ मध्ये तशी तरतूद आहे. निवडणूक आयोगाने २००४ मध्ये एकाच निवडणुकीत दोन जागांवरून लढणाऱ्यांबाबत सुचवलं होतं की एकच जागा ठेवा, नाहीतर पोटनिवडणुकीसाठी विधानसभेला ५ लाख आणि लोकसभेला १० लाख भरून घ्या. विधी आयोगानेही २०१५ च्या २५५व्या अहवालात एकच जागा म्हटलं. २०२३ ला सर्वोच्च न्यायालयाने दोन जागांचा विषय संसदेवर सोडला. म्हणजे पत्र खासदारांनाच द्यायला हवं. मी मसुदा करते. उमेदवारीबरोबर मागे न घेता येणारा राजीनामा, तो निकालाच्या दिवशी अमलात, मूळ मुदत एक वर्षाहून जास्त शिल्लक असेल तर पोटनिवडणूक शक्य तितक्या लवकर.

ए-४०३: उमेदवारीबरोबर म्हणतेस, तर मग दहा दिवस आधीचं काढलंस का?

बी-३०२: काढलं. तुमच्यासाठीच. पण मग पोटनिवडणूक त्याच दिवशी जमणार नाही, एकदीड महिन्याने होईल. दोन्ही एकदम मिळत नाही काका.

ए-४०३: एकदीड महिना चालेल. सहा महिने नकोत. आणि पक्षांनी उमेदवारांची नावं अर्जाच्या शेवटच्या तारखेच्या किमान पंधरा दिवस आधी जाहीर करावीत, हे त्यात घाल. ते असेल तर माझी सही घ्या. नसेल तर नको.

ए-१०४: घाल गं. काकांचं बरोबर आहे.

बी-२०४: मला मराठीतच लिहून दे, मी प्रत्येक मजल्यावर जाऊन सह्या घेते.

सेक्रेटरी: पत्र सोसायटीच्या लेटरहेडवर जाणार नाही, वैयक्तिक सह्यांनी द्या. सी विंगमधून मी स्वतः सही करतो.