काळ्या जमिनीत १२ × ९ मीटरची मागची बाग: कोणती झाडं, कसे दिवे?

प्रश्न (अंगण_नाशिक)
नाशिकजवळ बंगल्याच्या मागे १२ × ९ मीटर मोकळी जागा आहे. जमीन काळी, जोराचा पाऊस झाला की उत्तरेकडच्या सखल भागात दोन-तीन दिवस पाणी उभं राहतं. दक्षिणेच्या कोपऱ्यात जुना आंबा आहे, तो ठेवायचाच आहे. हिरवळ काढून दोन-तीन उठावदार झाडं लावायची आहेत, जी रात्री ओट्यावर बसूनही दिसतील. नर्सरीवाले गुलमोहर सुचवतात. इलेक्ट्रिशियन भिंतीवर २३० व्होल्टचे, ५० वॅटचे चार फ्लडलाइट लावू म्हणतो. काय करावं?

काळीमाती
गुलमोहर नको. मुळं वरवर पसरतात, लाकूड ठिसूळ असल्यामुळे वळवाच्या वाऱ्यात फांद्या मोडतात, आणि वाढला की एकटाच तुमची सगळी जागा व्यापेल.

सखल भागात ताम्हण लावा. आपलं राज्यपुष्प आहेच, शिवाय ओलसर जमीन त्याला मानवते. उन्हाळ्यात जांभळे तुरे येतात. कंपाउंडपासून निदान ३ मीटर आत. ओट्यासमोर देवचाफा, पण पानं गाळणारा आणि खालपासून फांद्या फुटलेला. हिवाळ्यात नुसता सांगाडा उरतो, आणि रात्रीच्या उजेडात तोच सगळ्यात देखणा दिसतो. या जागेत आंबा धरून तीन झाडं पुरे.

चाफ्याला साचलेलं पाणी अजिबात चालत नाही, बुंधा मऊ पडून सडतो. काळ्या जमिनीत खोल खड्डा खणून त्यात वाळू-मुरूम भरणं ही नेहमीची चूक. आजूबाजूच्या चिकणमातीतून पाणी झिरपत नाही, त्यामुळे खड्ड्याचा हौद होतो. उलट खड्डा उथळ आणि रुंद घ्या: ४० सें.मी. खोल, सव्वा मीटर रुंद. तीच माती, चौथा हिस्सा कुजलेलं शेणखत, आणि वर ३० सें.मी. उंचवटा. मुळांचा गड्डा या उंचवट्यातच बसवा, बुंध्याला माती चढवू नका.

मोठा चाफा घेताना खोड धरून हलवून बघा. पिशवीतली माती न हलता खोड डुलत असेल, तर फांदी नुकतीच टोचलेली आहे, मुळं नाहीत. पावसाळ्यात पानांखाली नारिंगी भुकटी दिसली तर तो तांबेरा. गळलेली पानं गोळा करून टाकली तरी बराच आटोक्यात येतो.

चोवीसव्होल्ट
भिंतीवरचे फ्लडलाइट रद्द करा. समोरून पडणाऱ्या उजेडात झाड सपाट दिसतं आणि ओट्यावर बसणाऱ्याचे डोळे दिपतात. उजेड खालून आणि बाजूने हवा.

चाफ्याला ५ वॅटचे दोन दिवे, बुंध्यापासून साधारण अर्धा मीटर, एकमेकांशी काटकोनात. ताम्हणाला ६ वॅटचे दोन, एक ते दीड मीटरवर. आंब्याला ९ वॅटचे दोन, फक्त खोड आणि खालच्या फांद्यांवर. पर्णभार इतका दाट की उजेड वर पोचतच नाही. खोडासाठी १५ अंशांचा झोत, पसाऱ्यासाठी ३६. रंग ३००० केल्विन किंवा त्याहून पिवळा. हिरवे-निळे दिवे लावले की मंगल कार्यालय होतं.

एकूण ४० वॅट. २४ व्होल्टचा ६० वॅटचा ड्रायव्हर (घरची २३० व्होल्टची वीज दिव्यांसाठी कमी व्होल्टची करणारा डबा) घ्या, १२ व्होल्टचा नको. २५ मीटर अंतर, दीड चौरस मि.मी. तांब्याची केबल आणि सगळा भार टोकाला धरला, तर १२ व्होल्टवर सुमारे २ व्होल्ट वाटेतच पडतात आणि शेवटचे दिवे मंद होतात. २४ वर पडतो १ व्होल्ट, तो चालतो. ड्रायव्हर सावलीत, जमिनीपासून ६० सें.मी. वर. २३० व्होल्टच्या बाजूला ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळू लागली की पुरवठा तोडणारा स्विच) हवाच.

चर खणण्याआधी रात्री टॉर्च घेऊन एकाने झाडाखाली फिरावं, दुसऱ्याने ओट्यावरून बघावं. जागा तेव्हाच ठरतात.

अंगण_नाशिक
धन्यवाद. इलेक्ट्रिशियनचं म्हणणं: जॉइंटला टेप गुंडाळून केबल वीतभर खोल पुरली की झालं. आणि जमिनीत बसवायचे गोल दिवे चांगले का?

चोवीसव्होल्ट
टेप पहिल्याच पावसात दगा देईल. एकदा जॉइंटमध्ये पाणी शिरलं की ते तारांच्या मधून सरकत दिव्यापर्यंत जातं, आणि मग दोष दिव्याच्या कंपनीला. जेल भरलेले जॉइंट वापरा, जमतील तितके जमिनीच्या वर ठेवा.

वीतभर खोलीवर पहिलीच कुदळ केबल तोडेल. ४५ सें.मी. खोल, एचडीपीई (टणक प्लास्टिक) पाइपमधून न्या. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, पावसात फुगते, म्हणून प्रत्येक दिव्यापाशी अर्धा मीटर केबल सैल सोडा. झाड वाढल्यावर दिवा मागे सरकवायलाही तीच उपयोगी पडते. नुसत्या खुंटीवरचे दिवे या मातीत कलतात, लहानशा काँक्रीटच्या ठोकळ्यावर बसवा. जमिनीतले गोल दिवे तुमच्याकडे नकोच. पाणी उभं राहतं, आणि पेटलेला दिवा विझून थंड होताना ओल आत ओढून घेतो.

सावली_कमी
दोन गोष्टी राहिल्या. आंब्याच्या पसाऱ्याखाली आडवा चर खणू नका, मुळं तुटतील. बाहेरून खोडाच्या दिशेने सरळ रेषेत, हाताने खणा; जाड मूळ आलं की त्याच्या खालून पाइप घ्या. दिवा फांदीला बांधायचा झाला तर खिळा किंवा तार नको, रुंद पट्टा लावा आणि दरवर्षी सैल करा.

आणि टायमर बसवाच, साडेदहाला सगळं बंद. आंब्याचे दिवे तर मी वेगळ्या स्विचवर घेईन आणि पाहुणे असतील तेव्हाच लावीन. जुन्या आंब्यावर रात्री पाखरं असतात.