दोन नंबरची लिफ्ट चालू की बंद?

सेक्रेटरी: उद्या सकाळी १० ते १ लिफ्टचं काम आहे. ऑल लिफ्ट्स विल बी क्लोज्ड बिसाइड्स लिफ्ट नंबर टू. कृपया नोंद घ्यावी 🙏

बी-७०४: म्हणजे तिन्ही बंद? आईला ११ वाजता डॉक्टरकडे न्यायचंय. गुडघ्याचं ऑपरेशन होऊन महिनाच झालाय, सात मजले कशी उतरवू तिला?

सेक्रेटरी: अहो ताई, दोन नंबर चालू आहे. तेच तर लिहिलंय.

बी-७०४: नाही हो. दोन नंबर तर बंद आहेच, वर बाकीच्याही बंद, असं लिहिलंय.

सी-१०१: मला तर कळलं बरोबर. दोन नंबरशिवाय सगळ्या बंद.

ए-३०२: सेक्रेटरीसाहेब, रागावू नका, ३० वर्षं इंग्रजी शिकवलंय म्हणून राहवत नाही. बिसाइड्स म्हणजे शिवाय हे खरं, पण कुठलं शिवाय? आपल्याकडे हा एकच शब्द तीन घरची कामं करतो. 'तुझ्याशिवाय सगळे आले', इथे तू नाहीस. 'तुझ्याशिवाय आणखी चौघं आले', इथे तू आहेस. आणि 'तुझ्याशिवाय करमत नाही' हे तिसरंच. इंग्रजीत पहिल्याला एक्सेप्ट, दुसऱ्याला बिसाइड्स, तिसऱ्याला विदाउट. तुम्हाला पहिलं हवं होतं.

सेक्रेटरी: डिक्शनरीत दोन्हीपुढे शिवायच आहे, मॅडम. माझा काय दोष?

ए-३०२: दोष नाही, गोम तिथेच आहे. लिहिण्याआधी 'सकट' आणि 'वगळून' असे दोन्ही शब्द घालून बघायचे. सकट जमलं तर बिसाइड्स, वगळून जमलं तर एक्सेप्ट.

सी-१०१: पण मॅडम, 'नोबडी बिसाइड्स मी' असं ऐकलंय की. तिथे तर वगळूनच ना?

ए-३०२: छान पकडलंस! नकार असला की दोन्ही चालतात. 'नोबडी बिसाइड्स मी' म्हण नाहीतर 'नोबडी एक्सेप्ट मी' म्हण, अर्थ एकच, फक्त तू एकटीच. तिथे सवय लागते आणि मग ऑल, एव्हरी आलं की पाय घसरतो.

डी-२०३: आमच्या ऑफिसात सरळ अपार्ट फ्रॉम टाकतात. दोन्ही अर्थ त्यात.

ए-३०२: म्हणून तर नोटिशीत नको. त्याचे दोन्ही डगरींवर हात. 'अपार्ट फ्रॉम संडे, द जिम इज ओपन डेली' म्हणजे रविवारी कुलूप. 'अपार्ट फ्रॉम संडे, इट इज ऑल्सो ओपन ऑन मंडे' म्हणजे रविवारी उघडी. सगळा भार त्या ऑल्सोवर. गप्पांत खपून जातं.

डी-२०३: थांबा थांबा! मागची हॉलची नोटीस. 'अपार्ट फ्रॉम कमिटी मेंबर्स, ओनर्स कॅन बुक द हॉल.' मी समजलो कमिटीला बंदी घातली. म्हटलं, चला, सुधारले!

सेक्रेटरी: कमिटीलाही मुभा आहे 😐

डी-२०३: तेव्हाच शंका आली होती.

सेक्रेटरी: सुधारित: ऑल लिफ्ट्स बिसाइड लिफ्ट नंबर टू विल बी क्लोज्ड.

ए-३०२: आता शेवटचा स गेला. बिसाइड म्हणजे शेजारी. 'दोन नंबरच्या शेजारच्या सगळ्या लिफ्ट बंद' असं झालं. एक आणि तीन तिच्या शेजारीच आहेत, त्यामुळे नोटीस अपघाताने बरोबर आहे 😄

सी-१०१: 😂😂 राहू दे आता, फ्रेम करा.

सेक्रेटरी: एक्सेप्ट लिफ्ट टू, ऑल लिफ्ट्स विल बी क्लोज्ड. आता?

ए-३०२: जवळ आलात. वाक्य त्यानेच सुरू करायचं तर एक्सेप्ट फॉर. मधे टाकलंत तर नुसतं एक्सेप्ट पुरे. आणि स्पेलिंग जपा, अ‍ॅक्सेप्ट झालं तर लिफ्ट स्वीकारावी लागेल.

बी-७०४: मॅडम, साहेब, मला फक्त एवढंच सांगा, साडेदहाला आईला घेऊन कुठल्या लिफ्टपाशी उभी राहू?

सेक्रेटरी: उद्या १० ते १ लिफ्ट १ आणि ३ बंद. लिफ्ट २ चालू. वॉचमनला खुर्ची ठेवायला सांगतो.

बी-७०४: 🙏