विषय: अमावास्येच्या ओहोटीला समुद्रशैवाल तोडायला जायचं का?

प्रेषक: सहल समिती

नमस्कार मंडळी,

पुढची सहल समुद्रावर काढायचा विचार आहे. अमावास्येनंतरचा रविवार धरलाय. त्या सुमारास उधाण असतं आणि भरती जितकी वर चढते तितकी ओहोटीही खाली उतरते, त्यामुळे एरवी पाण्याखाली असलेले खडक उघडे पडतात. खाण्याजोगं शैवाल ओळखायचं, थोडं तोडायचं, शिजवून बघायचं असा बेत आहे. मुलं चालतील. शंका इथेच लिहा, म्हणजे उत्तर सगळ्यांना कळेल.

---

प्रेषक: सात वर्षांच्या मुलीचा बाबा

समितीला नमस्कार. कल्पना छान आहे, पण आमची कन्या दिसेल ते तोंडात घालते. रानातल्या अळंब्यांत जशी विषारी निघतात तसं एखादं शैवाल चुकून हाती लागलं तर? विषारी ओळखायची काही खूण आहे का?

---

प्रेषक: काकू

मुलीच्या बाबांना,

अळंब्यांची भीती इथे आणू नकोस. थंड पाण्याच्या किनाऱ्यावर खडकाला धरून वाढणाऱ्या मोठ्या शैवालांत त्या तऱ्हेचं विष सहसा नसतं. उष्ण समुद्रात दुर्घटना झालेली आहे. १९९१ मध्ये ग्वाम बेटावर ग्रासिलेरिया गटातलं एक लाल शैवाल खाऊन तिघे दगावले होते. आपल्या थंड पाण्यातला खोडकर म्हणजे डेस्मरेस्टिया. हा तपकिरी, बारीक फांद्यांचा असतो आणि पाण्याबाहेर काढला की बघता बघता हिरवट पडतो. त्याच्या पेशींत चक्क गंधकाम्ल साठवलेलं असतं. जीव जाणार नाही, पण बादलीतलं बाकीचं शैवाल त्याच्यापायी नासतं.

मला काळजी वाटते ती पाण्याची. शैवालाला मुळं नसतात. खडकाला धरून ठेवणारी पकड असते तिचा उपयोग तेवढाच, खाणंपिणं सगळं अंगभर पाण्यातून शोषून. त्यामुळे पाण्यात जे असेल ते शैवालात उतरतं, क्षार आणि आयोडीन तसंच शिसं आणि कॅडमियमही. जंतू शिजवून मरतील, धातू शिजवून जात नाहीत. म्हणून बंदर, बोटी रंगवायची जागा, नदीचं मुख, कारखान्याचा किंवा सांडपाण्याचा नळ यांच्या आसपास तोडायचंच नाही, तिथलं शैवाल कितीही टवटवीत दिसो. (सांडपाण्याजवळ सी लेट्यूस, म्हणजे पातळ हिरव्या पानांसारखं शैवाल, तर फारच टवटवीत दिसतं, त्याला नायट्रोजन फुकट मिळतो.) मोठा पाऊस होऊन गेल्यावर काही दिवस थांबायचं. शिंपले काढायला बंदी असल्याची पाटी दिसली तर आपणही तिथून निघायचं. आणि वाळूवर वाहून आलेलं उचलायचं नाही. ते कुठून आलं आणि कधीपासून कुजतंय, कोणाला ठाऊक.

मुलीला सांग, तोंडात घालायच्या आधी काकूला दाखवायचं.

---

प्रेषक: मुलीचा बाबा

आभार काकू. आणखी एक. ॲपवर त्या दिवशीची ओहोटी ११:४० ला दाखवतंय. म्हणजे साडेअकराला पोचलो तर चालेल ना?

---

प्रेषक: काकू

नाही चालणार! ११:४० ला समुद्र माघारी वळतो. आपण त्याच्या दीड-दोन तास आधी पोचायचं, उतरत्या पाण्यामागोमाग खाली जायचं आणि पाणी तळाला टेकलं की परत फिरायचं. चढत्या पाण्याचा हिशोब फसवा असतो. ढोबळमानाने पहिल्या तासात एकूण चढाचा बारावा हिस्साच चढतो, म्हणून वाटतं अजून पुष्कळ वेळ आहे. दुसऱ्या तासात त्याच्या दुप्पट आणि तिसऱ्या-चौथ्या तासांत मिळून निम्मं पाणी येतं. शिवाय ते समोरूनच येईल असं नाही. आपल्या पाठीमागची घळ आधी भरते आणि आपण उभे असलेल्या खडकाचं बेट होतं. एकजण फक्त पाण्याकडे बघायला ठेवायचा, त्याने शैवालाकडे बघायचंही नाही.

आता तोडायचं कसं तेही सांगून टाकते, म्हणजे तिथे ओरडावं लागणार नाही. ओढून उपटायचं नाही, कात्री आणायची. केल्पची, म्हणजे लांब पात्यांच्या मोठ्या तपकिरी शैवालाची, वाढ देठ आणि पातं जिथे जुळतात तिथून होते, नख वाढतं तशी, म्हणजे टोक सगळ्यात जुनं. बुडाशी वीतभर पातं ठेवून वरचं कापलंत तर ते पुन्हा वाढतं. देठातच कापलंत तर संपलं. ब्लॅडररॅकचं, म्हणजे ज्याच्यावर हवेचे फुगे असतात त्याचं, नेमकं उलटं. त्याची वाढ टोकांना होते, म्हणून एकाचीच सगळी टोकं न खुडता चार ठिकाणची थोडी थोडी घ्यायची. डल्स (हे लाल गटातलं) आणि सी लेट्यूस कापताना पकड आणि थोडा बुडखा खडकावर राहू द्यायचा.

रंगावर फार विसंबू नका. लाल गटातलं शैवाल जांभळं, तपकिरी, काळपट, उन्हात पिवळंसुद्धा दिसतं. नोरीच्या, म्हणजे सुशीला गुंडाळतात त्या शैवालाच्या, जातीचं लेव्हर तर ओहोटीला वाळून खडकावर काळ्या प्लास्टिकसारखं चिकटलेलं असतं आणि लोक त्यावरून चालत जातात. त्याचं पातं एका पेशीच्या जाडीचं! हे लेव्हर उन्हाळ्यात कुठे जातं हे नोरीची शेती करणाऱ्या जपान्यांनाही ठाऊक नव्हतं, एखाद्या वर्षी पीक यायचं, एखाद्या वर्षी नाही. कॅथलीन ड्र्यू-बेकर या इंग्रज बाईंनी १९४९ मध्ये दाखवलं की शिंपल्यांच्या कवचात राहणारं, वेगळीच जात समजलं गेलेलं एक गुलाबी शैवाल म्हणजे लेव्हरच्याच आयुष्यातला दुसरा टप्पा. त्यावर जपानची अख्खी नोरी-शेती उभी राहिली. बाई स्वतः जपानला कधी गेल्या नाहीत. तिथे त्यांचं स्मारक आहे.

---

प्रेषक: वहिनी

काकू, मला थायरॉइडची गोळी चालू आहे. शैवालात आयोडीन असतं म्हणजे ते माझ्यासाठी चांगलंच ना?

---

प्रेषक: काका

मध्येच बोलतो. आयोडीन सापडलंच मुळी शैवालाच्या राखेत. १८११ मध्ये बर्नार कुर्त्वा हा फ्रेंच माणूस तोफेच्या दारूसाठी सोरा करत होता. राखेत गंधकाम्ल जरा जास्त पडलं आणि जांभळी वाफ निघाली. एवढंच. वहिनींच्या प्रश्नाचं उत्तर काकू देतील.

---

प्रेषक: काकू

वहिनी, 'चांगलंच' नाही. डॉक्टरांना विचारल्याशिवाय केल्प तोंडाला लावू नका. मोठ्या माणसाला दिवसाला १५० मायक्रोग्रॅम आयोडीन पुरतं. वरची मर्यादा अमेरिकेत ११००, युरोपात ६००. वाळलेल्या केल्पच्या एका ग्रॅममध्ये २००० च्या वरही असू शकतं. चिमूटभर चूर्णात मर्यादा संपली! कमी झालेलं थायरॉइड जास्तीच्या आयोडीनने आणखी बिघडू शकतं, आणि निरोगी माणसाचंही. केल्प उकळलं तर बरंचसं आयोडीन पाण्यात उतरतं, पण मग ते पाणी टाकायला हवं. लोक नेमकं त्याचंच सूप करून पितात, कारण चव तिथे असते. इकेदा किकुनाए या जपानी रसायनशास्त्रज्ञांनी १९०८ मध्ये अशाच केल्पच्या पाण्यातून ही चव देणारं ग्लुटामेट वेगळं काढलं होतं.

नोरी, लेव्हर यांत आयोडीन केल्पच्या मानाने फारच थोडं असतं. तरी गर्भारपणी, लहान मुलांना आणि गोळ्या घेणाऱ्यांना मी बेताबेतानेच देईन. 'सुपरफूड' म्हणून रोज चमचाभर खाणाऱ्यांना मी समजावणं सोडून दिलंय.

---

प्रेषक: आजी

आम्ही शाकाहारी. शैवालावर किडे असतात म्हणे?

---

प्रेषक: काकू

असतात, आजी. गोगलगायी आणि चिमुकले झिंगे समुद्राच्याच पाण्यात झटकून खंगाळलं की बहुतेक निघतात. गोड्या पाण्यात भिजत ठेवू नका, शैवाल बुळबुळीत होतं. पण उन्हाळा सरत आला की केल्पवर पांढरी जाळी धरते, ती कितीही धुतली तरी जात नाही, कारण तो सूक्ष्म प्राण्यांचा वसाहतीचा थर आहे. वसंतातली कोवळी पाती स्वच्छ असतात आणि तीच चवीला बरी. जाळीवालं मीही घेत नाही.

---

प्रेषक: सहल समिती

मंडळी, काकूंच्या मेलनंतर बेत जरा बदलला आहे.

किनारा कोणाच्या मालकीचा, किती तोडता येतं, परवाना लागतो का, याची लेखी विचारणा केली आहे. उत्तर येईपर्यंत जागा जाहीर करणार नाही. हे नियम ठिकाणागणिक वेगळे असतात. अमेरिकेतल्या मेन राज्यात २०१९ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने भरती-ओहोटीच्या पट्ट्यातलं रॉकवीड नावाचं शैवाल लगतच्या जमीनमालकाचं ठरवलं, तेव्हा 'समुद्र सगळ्यांचा' असं म्हणून चालत नाही.

जमायची वेळ ९:३०. उशिरा येणाऱ्यांनी खडकांवर उतरू नये, वर गाड्यांपाशी थांबावं. पायात घट्ट पकडीचे बूट, चपला नकोत. माणशी एक छोटी पिशवी, त्याहून जास्त नाही. पाण्यावर नजर ठेवायचं काम काकांनी घेतलं आहे.

आठवड्यात जोराचा पाऊस झाला तर सहल पुढच्या उधाणावर, म्हणजे पौर्णिमेनंतरच्या रविवारी ढकलू. डबे घरून आणा, पिशवीभर शैवालात कोणाचं पोट भरणार नाही.