अंजर्ल्याचं घर: कौलं, वर्गणी आणि ताईचे फोटो

कुंदाआत्या: ताई, तुझे फोटो रोज बघते. परवा फणसाच्या कुयरीची भाजी, काल झोपाळा, आज मऊभात-मेतकूट. आनंद आहे. पण रोहिणी लागल्या, कौलांचं काय? गेल्या पावसात माजघरात पातेली मांडून बसायची वेळ आली होती, मी विसरले नाहीये.

बाळकाका: वर्गणी प्रत्येकी 5000 ठरली होती. तिघांची आलेली नाही. नावं घेत नाही.

ठाण्याची वहिनी: न घेताही सगळ्यांना कळतंय हो काका. आमचे महिनाअखेरीला येतील, असं तेव्हाच सांगितलं होतं.

चिनू: ताई, रेंज कुठे मिळते आता? आम्हाला गडग्यावर चढावं लागायचं.

ताई: अजूनही गडग्यावरच, फणसाच्या बाजूला. आत्या, कौलं परतायला माणूस कालपासून येतोय. मागच्या पडवीची बाजू झाली. निसर्ग वादळात, 3 जून 2020 ला, जिथली कौलं उडाली तिथे आपण घाईत पत्रा टाकला होता ना, तिथेच गळतंय. पत्रा आणि कौलाच्या सांध्यातून पाणी आत येतं. तो पत्रा काढतोय.

कुंदाआत्या: मग हे आधी सांगायचं. फोटो भाताचा टाकलास.

ताई: तो भात त्याच्याबरोबरच खाल्ला, आत्या. सकाळी आला की आधी न्याहारी, मग छपरावर.

मोठी काकू: आंघोळीचं पाणी कशात काढतेस गं? घंगाळ तर ठाण्याला गेलं.

ठाण्याची वहिनी: काकू, ते सासूबाईंनी स्वतःच्या हाताने दिलंय. दर वेळी विषय काढायलाच हवा का?

मोठी काकू: मी फक्त विचारलं. 🙏

चिनू: घंगाळात आता मनीप्लांट आहे. मी पाहिलंय.

ठाण्याची वहिनी: चिनू, तू अभ्यास कर.

बाळकाका: पुन्हा टाकतो. वर्गणी प्रत्येकी 5000. तिघांची बाकी.

ताई: बादलीत काढते काकू, काही अडत नाही. आणि आत्या, फोटो का टाकते तेही सांगते, कारण काल फोनवर तुम्ही म्हणालात की मी मजा करायला आलेय. हो, मजा आहेच. पहाटे पावशा ‘पेर्ते व्हा’ सुरू करतो, ते अंथरुणातूनच ऐकत पडायचं. दुपारी मागच्या दारी रातांबे फोडायला बसते. सालं उन्हात टाकायची, संध्याकाळी गोळा करून मिठाच्या रसात बुडवायची, दुसऱ्या दिवशी परत उन्हात. असं पाच-सहा वेळा केलं की आमसुलं काळी होतात. हात लाल होतात ते जात नाहीत. बिया वेगळ्या ठेवल्यात, शेजारच्या काकी त्यांचं भिरंडेल, म्हणजे कोकमतेल, काढून देणार आहेत. ऊन उतरलं की वाडीला पाणी सोडायचं. पाटातून पाणी एका आळ्यातून दुसऱ्यात जातं, आपण फक्त मातीचा बांध फोडायचा आणि घालायचा. चप्पल काढून केलं तर पायाला इतकं गार लागतं की काम संपूच नये असं वाटतं. रात्री विहिरीकडच्या झाडांवर काजवे आहेत. मृग लागून पाऊस जोर धरेपर्यंतच दिसतील, म्हणून रोज बघायला जाते. आणि चूल रोज पेटते. वासे धुराने टिकतात, हे आजोबा सांगायचे ना? बंद घराला वाळवी लागते. वादळानंतर लावलेल्या पोफळींपैकी दोन यंदा फुलल्यात, हे इथे राहिले म्हणून दिसलं.

चिनू: फणस कापा की बरका?

ताई: दोन्ही. बरक्याची साठं घातली. आठळा मातीत घोळवून ठेवल्यात, पावसात भाजायला.

मोठी काकू: बरक्याची सांदणं कर गं. माझ्या सासूबाई हळदीच्या पानात वाफवायच्या.

ठाण्याची वहिनी: पानात मोदक वाफवायच्या काकू, सांदणं वाटीत.

मोठी काकू: त्या घरात मी आधी आले की तू?

बाळकाका: वर्गणी प्रत्येकी 5000. पत्रा काढणार म्हणजे नवीन कौलं लागतील, तो खर्च वेगळा. तिघांनी कृपया लक्ष द्यावे.

कुंदाआत्या: बाळ, माझी आत्ता पाठवली. बघून घे आणि आता ते टाकणं बंद कर.

बाळकाका: मिळाली. दोघांची बाकी.

कुंदाआत्या: ताई, लग्न झाल्यापासून त्या घरात मी सलग आठ दिवससुद्धा राहिलेली नाही. गणपतीला यायचं, दीड दिवसाचा स्वयंपाक करायचा आणि परत फिरायचं. कड्यावरच्या गणपतीला पाखाडीने चढून जायचंही राहूनच जातं. तू रोज फोटो टाकतेस तेव्हा मला कौलंच आधी आठवतात, कारण मला त्या घरात कामंच माहीत आहेत. रागाने बोलले असेन.

ठाण्याची वहिनी: आत्या, तुम्ही एकट्याच नाही हो.

ताई: मग आताच या ना आत्या. स्वारगेटहून दापोलीची एसटी आहे, पुढे मी रिक्षा घेऊन येते. स्वयंपाक मी करेन. तुम्ही झोपाळ्यावर बसा, नाहीतर पाट फोडा. वहिनी, तुम्हीही या.

बाळकाका: मी दिवा-सावंतवाडी गाडीने खेडपर्यंत येऊ शकतो. कौलांचा हिशेब समोरासमोर होईल.

चिनू: काका, कापा फणस माझ्यासाठी ठेवा.

कुंदाआत्या: गुरुवारी निघते. गुडघा दुखतोय, पण पाखाडी हळूहळू चढेन. काय आणू?

ताई: दापोलीत उतरलात की दोन किलो जाडं मीठ घ्या. इथल्या दुकानातलं संपलंय आणि रातांबे अजून टोपलीभर पडलेत.