शब्दचर्चा: कार्बन ऑफसेट म्हणजे भरपाई, प्रायश्चित्त की वळती?

भायखळाकर
नमस्कार मंडळी. 'ऑफसेट' या एका शब्दावर चार दिवस अडकून बसलोय.

१ सप्टेंबर ते ४ ऑक्टोबर हा काळ बरीच ख्रिस्ती चर्चेस 'सृष्टीचा काळ' म्हणून पाळतात. त्यासाठी आमच्या तरुण मंडळाने चार पानी पत्रक काढायचं ठरवलंय. मूळ मजकूर इंग्रजी, भाषांतर माझ्या गळ्यात. मुद्दा असा: विमान, गाडी, एसी यांतून आपण जो कार्बन डायऑक्साइड सोडतो तो आधी कमी करा. जो टाळताच येत नाही त्याचा हिशोब मांडा आणि तितकाच वायू दुसरीकडे कमी होईल अशा कामाला पैसे द्या. झाडं, कमी लाकूड खाणाऱ्या चुली, वगैरे. यालाच कार्बन ऑफसेट म्हणतात. त्यासाठी क्रेडिट विकत घ्यायची, एक क्रेडिट म्हणजे कमी झालेला एक टन. ब्रिटनमधली 'क्लायमेट स्ट्युअर्ड्स' ही ख्रिस्ती संस्था हेच काम करते. १९८३ साली पोर्तुगालमध्ये सुरू झालेल्या 'आ रोशा' या ख्रिस्ती निसर्गसंवर्धन संस्थेच्या गोतावळ्यातली ती.

'स्ट्युअर्ड' सुटला, बायबलात 'कारभारी' आहेच. (गावाकडे बायका नवऱ्याला कारभारी म्हणतात, त्यामुळे 'सृष्टीचे कारभारी' वाचून मंडळातल्या मुली खुसुखुसु हसल्या. असो.) उत्पत्तीच्या दुसऱ्या अध्यायात माणसाला बागेत ठेवलं ते 'मशागत व राखण' करायला, तेही जसंच्या तसं उचललं. घोडं अडलं ते 'ऑफसेट'पाशी. पहिल्या खर्ड्यात मी 'कार्बन प्रायश्चित्त' लिहिलं होतं. पाळकसाहेबांनी लाल पेनाने त्याला गोल केला आणि समासात एकच शब्द लिहिला: 'नको'.

सुचवा.

खिळेजुळव्या
गिरगावात ऑफसेट म्हणजे छपाई. पत्रकावर 'ऑफसेट करा' छापलंत तर लोक लग्नपत्रिकेचा मजकूर घेऊन येतील.

गंमत सोडा, पण छपाईत हे नाव का पडलं ते पाहा. प्लेटवरची शाई थेट कागदाला लागत नाही. आधी ती रबराच्या ब्लँकेटवर उतरते आणि ब्लँकेटवरून कागदावर. तुमचाही मामला तसाच दिसतो. धूर एकाचा, झाड दुसऱ्याचं, आणि मध्ये ब्लँकेट.

शंकासुर
'पापमुक्तिपत्र', चर्चमध्ये पैसे घेऊन विकायचे ते. शाळेच्या इतिहासात होतं, १५१७, मार्टिन ल्यूथर. विषय संपला.

पापडीची_पोर
संपत नाही हो इतक्यात. मी कॅथलिक, वसईची, आता बोरिवलीत. ही उपमा दर वेळी आमच्याच डोक्यावर फुटते म्हणून सांगते. आमच्या शिकवणीत त्या पत्राने पापाची क्षमा मिळत नव्हती. क्षमा मिळायची ती पश्चात्ताप आणि पापकबुली झाल्यावर. मग जी शिक्षा उरायची तिच्यात सूट. बाजार मांडणाऱ्यांनी हा क्रम उलटा केला, पैसे आधी आणि पश्चात्ताप झाला तर झाला. पत्रापेक्षा मोठी खोट त्या क्रमात होती. ऑफसेटवाल्यांना उपमा द्यायचीच तर हीच द्या: 'आधी कमी करा' हे वाक्य गाळून जो विकतो तो त्यातला.

आणि भायखळाकर, 'प्रायश्चित्त'ला तुमच्या पाळकसाहेबांनी नको का म्हटलं असेल ते माझ्या लक्षात आलंय. आमच्यात हा शब्द रोजचा आहे. कन्फेशननंतर फादर जे करायला सांगतात ते प्रायश्चित्त. पाच वेळा 'प्रणाम मारिया' म्हण, शेजारणीचा चोरलेला नारळ परत दे. माणसाने करायची गोष्ट ती. तुम्हा प्रोटेस्टंटांत तसं नसावं.

भायखळाकर
अगदी बरोबर, ताई. काल विचारलं त्यांना. म्हणाले, "प्रायश्चित्त एकदाच झालं, क्रुसावर. ते तू दोन हजार रुपयांत तरुण मंडळाकडून करवतोस?"

म्हणजे शब्द एक, पण तुमच्याकडे तो माणसाने करायचा आणि आमच्याकडे माणसाला करता न येणारा. एकाच शहरात, दोघांच्याही प्रार्थना मराठीत.

पाणिनीचा_पुतण्या
जुनी फोड सांगतो: 'प्रायो नाम तपः प्रोक्तं चित्तं निश्चय उच्यते'. प्राय म्हणजे तप, चित्त म्हणजे निश्चय. पैसे भरून तप होत नाही, आणि ऑफसेटमध्ये पुढे न करण्याचा निश्चय असतोच असं नाही. दोन्ही अंगांनी शब्द बाद.

मी 'प्रतिपूर्ती' सुचवतो.

खिळेजुळव्या
प्रतिपूर्ती म्हटलं की मला शाळेच्या फीचा अर्ज आठवतो आणि त्याला जोडायच्या सात झेरॉक्स.

भायखळाकर
'भरपाई'कडे मन ओढतंय. कारण बायबलातलं वजन. निर्गमच्या बाविसाव्या अध्यायात एक नियम आहे: कुणी पेटवलेली आग काटेरी झुडपांत शिरली आणि दुसऱ्याच्या धान्याच्या सुड्या किंवा उभं पीक जळालं, तर आग लावणाऱ्याने भरपाई करायची. त्याने मुद्दाम केलं की नाही याची चौकशीच नाही. आग तुझी, पीक त्याचं, भर. हवामानबदलावर याहून नेमकं वचन मला सापडलेलं नाही.

आणि लेवीयच्या सहाव्या अध्यायात दर ठरवलाय. ज्याचं घेतलं त्याला मूळ वस्तू परत, वर पाचवा हिस्सा. ते झाल्यावर मग याजकाकडे दोषार्पणाचा मेंढा. लूकच्या शुभवर्तमानातला जकातदार जक्कय तर चौपट परत करायला निघाला. म्हणजे पत्रकात लिहिता येईल की एक टन सोडला तर निदान एक पूर्णांक दोन दशांश टनांची भरपाई करा. कसं वाटतं?

निवृत्त_रोखपाल
बाळ भायखळाकर, हिशोब गोड आहे, शब्द चुकतोय. छत्तीस वर्षं बँकेच्या काउंटरमागे काढली म्हणून अधिकाराने बोलतो.

जुन्या पावत्यांवर शेवटी काय असायचं? 'रुपये अमुक भरून पावलो', आणि खाली सही. कुणाची? घेणाऱ्याची. मला 'भरपाई'त तेच भर आणि तेच पावणं दिसतं. देणारा हजार वेळा म्हणेल मी भरपाई केली, पण पुरती झाली का ते ज्याचं नुकसान झालं तोच सांगणार. आता तुझ्या पत्रकातला माणूस विमानाने लंडनला गेला आणि त्याने घानात झाडं लावायला पैसे दिले. पावती कोण देतो? क्रेडिट विकणारा. ज्याच्या उंबऱ्याशी उधाणाचं पाणी आलं त्या चिंबईच्या कोळणीला या व्यवहाराची खबरसुद्धा नाही. 'भरून पावलो' कोण लिहिणार?

याला आमच्या भाषेत 'वळतं करणं' म्हणतात. भाडेकरू जागा सोडताना म्हणतो, शेवटच्या दोन महिन्यांचं भाडं डिपॉझिटमध्ये वळतं करून घ्या. शेतकऱ्याचं अनुदान येतं आणि बँक ते परस्पर कर्जखात्यात वळतं करते, मग गावात बोंब होते. एका खात्यातली रक्कम दुसऱ्या खात्यातल्या रकमेसमोर मांडायची. कुणाला क्षमा नाही, कुणाचं नुकसान भरून निघालं असंही नाही. ऑफसेट म्हणजे नेमकं हेच.

पूर्वी याला 'मुजरा' असाही शब्द होता, रक्कम मुजरा देणे. पण 'कार्बनला मुजरा' छापलंत तर खिळेजुळव्यांकडे लावणीच्या जाहिराती येतील.

शंकासुर
काकांना दंडवत. पण वळतं करायला समोर खरी रक्कम लागते ना? मुंबईतल्या आरेच्या जंगलात २०१९च्या ऑक्टोबरात रातोरात दोन हजारांवर झाडं पडली, तेव्हाही ऐकलं होतं की दुसरीकडे रोपं लावतोय. पन्नास वर्षांच्या झाडासमोर बोटभर रोप वळतं झालं.

निवृत्त_रोखपाल
रास्त आहे. दोन तपासण्या लागतात. एक, हे काम पैसे दिले नसते तरी झालंच असतं का? पवनचक्की नाहीतरी उभी राहणारच होती, तर तुझ्या पैशाने काय कमी झालं? दोन, टिकेल का? जंगल उद्या वणव्यात गेलं तर साठवलेला कार्बन पुन्हा हवेत. चेक वटला नाही तर जमा उलटी फिरवतो, तसं इथे करावं लागेल.

पापडीची_पोर
न वटलेल्या चेकची गोष्ट आमच्याच घरातली आहे, सांगून टाकते. २००७ साली व्हॅटिकनच्या नावाने हंगेरीत जंगल लावायचं जाहीर झालं होतं, म्हणजे व्हॅटिकन जगातलं पहिलं कार्बन-तटस्थ राष्ट्र होणार. कौतुक जगभर झालं. झाडं काही लागली नाहीत.

पुढे २०१५ साली पोप फ्रान्सिस यांनी 'लाउदातो सी' या परिपत्रकात कार्बन क्रेडिटच्या खरेदीविक्रीबद्दल कान टोचले, परिच्छेद १७१. ही सट्टेबाजीची नवी तऱ्हा होऊ शकते, झटपट आणि सोपा उपाय असल्याचा भास होतो आणि काही देशांची उधळपट्टी तशीच चालू राहते, असा आशय. आमच्या कुटुंबात त्यावर जेवणाच्या टेबलावर भांडण झालं. धाकटा कॅनडात असतो, दरवर्षी सणाला येतो, तिकिटाबरोबर ऑफसेट घेतो. आई म्हणाली, "पैसे देतोस ते दे, बरंच आहे. पण हलकं वाटायचे पैसे देऊ नको."

भायखळाकर
आईंना नमस्कार सांगा.

काका, तुमचं वाचून लूकचा सोळावा अध्याय काढला. अन्यायी कारभाऱ्याचा दाखला. धनी कामावरून काढणार हे कळल्यावर तो ऋणकऱ्यांना एकेक करून बोलावतो. शंभर माप तेल देणं असलेल्याला म्हणतो, हा घे तुझा कागद, बस आणि लवकर पन्नास लिही. तेलच, बघा! कारभारी आणि कागदावर वळतं करणं, दोन्ही एकाच गोष्टीत. आम्ही पत्रकाच्या पहिल्या पानावर 'कारभारी' हे बिरुद मिरवतोय आणि चौथ्या पानावर ऑफसेटचा तक्ता देतोय. कुणी चाणाक्ष म्हातारा हा दाखला उघडून बसला तर आमची पंचाईत.

(धन्याने त्या कारभाऱ्याची अक्कल वाखाणली, हे मला लहानपणापासून पचलेलं नाही. तो वेगळा धागा.)

पाणिनीचा_पुतण्या
जाता जाता: मराठी बायबलात ख्रिस्त पुष्कळांसाठी आपला जीव 'खंडणी' म्हणून देतो. मुंबईत हा शब्द ऐकल्यावर काय होतं ते सांगायला नको. धर्मग्रंथातला शब्द जागेवर राहतो आणि भोवतालची भाषा सरकते. म्हणून नवा शब्द निवडताना थोडा रुक्ष निवडावा, त्याची हेळसांड कमी होते. माझं मत 'वळती'ला. प्रतिपूर्ती मागे घेतो.

पापडीची_पोर
माझंही. फक्त 'भरपाई' टाकून देऊ नका. वळतं करणं ही यंत्रणा, भरपाई हे देणं. पहिल्याने दुसरं फिटत नाही, एवढं पत्रकात आलं तरी पुष्कळ.

भायखळाकर
ठरलं. तक्त्याचा मथळा 'कार्बन वळता करताना'. त्याच्या वर आगीचं वचन. आणि पाचव्या हिश्श्याची कल्पना आता अशी फिरवतोय: जितके टन वळते केले तितक्याच्या किमतीचा पाचवा हिस्सा वेगळा काढायचा आणि तो झाडांना न देता किनाऱ्यावरच्या पूरग्रस्त घरांच्या मदतफंडात टाकायचा. म्हणजे निदान तेवढ्या रकमेवर कुणीतरी 'भरून पावलो' लिहू शकेल. पाळकसाहेबांनी या वेळी गोल केला नाही, समासात बरोबरची खूण केली. खजिनदारबाईंनी मात्र विचारलंय की या दोन वेगळ्या रकमा एकाच पावतीपुस्तकात कशा दाखवायच्या.

निवृत्त_रोखपाल
दाखवायच्याच नाहीत. दोन पावतीपुस्तकं करा.

आणि प्रूफ बघताना लिंगवचन सांभाळ. कार्बन वळता, रक्कम वळती, उत्सर्जन वळतं. 'कार्बन वळती योजना' असं सामासिक चालेल, पण 'कार्बन वळती केली' दिसलं तर मी पत्रक परत पाठवीन.

खिळेजुळव्या
शुक्रवारपर्यंत मजकूर द्या. चार पानं, एक रंग, पुठ्ठा नको. ऑफसेटवरच छापतो.