अनुभव धागा : बडोद्यातला वसंत, बाग आणि घरची जनावरं

धागाकर्ती, करेलीबाग
उत्तरायण, म्हणजे आपली पतंगांची संक्रांत, उलटलं, होळी तोंडावर आली. पहाटे अजून चादर लागते, पण दुपारी ओटल्यावर अनवाणी उभं राहवत नाही. बडोद्याचा वसंत जेमतेम महिनाभराचा, मार्च सरता सरता पारा चाळिशीकडे झुकतो. छाटणी, खत, लॉन, कुंड्यांची माती, सगळं याच दिवसांत उरकावं लागतं. कुत्र्यांची लव गळते तीही आत्ताच आणि गोचिडं वाढायला लागतात तीही आत्ताच.

आपण बागेचे प्रश्न माळ्याला विचारतो आणि जनावराचे डॉक्टरांना. अंगण मात्र दोघांचं एकच. रोपाला घातलेलं खत कुत्रा हुंगतो, फवारलेल्या हिरवळीवर मांजर लोळतं आणि मग अंग चाटत बसतं. म्हणून दोन्ही एकत्र धरून लिहा. नेमकं काय वापरलंत आणि त्याचं काय झालं, हे आलं तर इतरांना उपयोग होईल.

मांजलपूर
हे आधी वाचा. शेजारच्या बंगल्यात माळ्यानं गुलाबांना दिवेलीचा खोळ घातला, म्हणजे एरंडीची पेंड, बोनमीलमध्ये (हाडांच्या चुऱ्यात) कालवून. देशातल्या एरंडाचा मोठा वाटा गुजरातेतच पिकतो, त्यामुळे हा खोळ आपल्याकडे स्वस्त आणि सहज मिळतो. पिशवीवर 'सेंद्रिय' लिहिलेलं असतं, त्यामुळे कुणाच्या मनात शंकाही येत नाही. बोनमीलच्या वासानं त्यांच्या लॅब्रेडॉरनं रात्री आळं उकरलं. सकाळी ओकाऱ्या सुरू झाल्या, संध्याकाळपर्यंत रक्ताची हगवण.

एरंडीच्या बीमध्ये रायसिन नावाचं विष असतं. घाण्यातून तेल निघतं, विष मागं पेंडीत राहतं. त्यावर उतारा नाही. सलाईन लावायचं, पोट सांभाळायचं आणि वाट पाहायची, एवढंच डॉक्टरांच्या हातात असतं. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "बागेत काय घातलंय?" शेजारच्या काकू खताची पिशवीच घेऊन गेल्या होत्या, म्हणून शोधाशोधीत वेळ गेला नाही. कुत्रा वाचला, पण पुष्कळ दिवस नुसत्या पेजेवर होता.

लक्षणं कधीकधी दुसऱ्या दिवशीही दिसायला लागतात. तेव्हा पेंड खाल्लेली नुसती कळली तरी तसंच उठून दवाखाना गाठा, ओकारीची वाट बघू नका. आणि माळी बाहेरचा असेल तर तो काय आणतो ते पिशवी हातात घेऊन वाचा.

दांडियाबाजार
मांजलपूर, अंगावर काटा आला. मग गुलाबांना घालता काय?

मांजलपूर
कुजलेलं शेणखत आणि थोडी निंबोळी पेंड. तिच्या कडू वासामुळे आमची भुरी त्या बाजूला फिरकत नाही. तरी वर मातीचा जाड थर देते.

दांडियाबाजार
आमच्याकडे वाड्याचा चौक, त्यामुळे सगळं कुंड्यांत. मोगरा जानेवारीत छाटला, पाणी तोडलं, पानं झडू दिली. आता शेणखत आणि पाणी सुरू केलंय, डोळे फुटलेत. जास्वंदीवर मात्र पांढरा पिठ्या ढेकूण बसतोच. लिटरभर पाण्यात 5 मिली निंबोळी तेल, दोन थेंब साबण, ऊन उतरल्यावर फवारणी. त्याआधी मुंग्यांचा बंदोबस्त करा. ढेकणाचा गोड चिकटा मुंग्यांना हवा असतो, म्हणून त्या त्याला राखतात. मुंग्या तशाच ठेवल्यात तर फवारणी वाया जाते. पानं सुकेपर्यंत मांजर घरात.

समा
माझं लॉनबद्दल. ऑगस्ट 2024 मध्ये विश्वामित्री नदीचं पाणी सोसायटीत शिरलं. मगरी आल्या त्याच्या बातम्या सगळीकडे झाल्या, पण पाणी ओसरल्यावर हिरवळीवर गाळाची जी साय राहिली तिच्याबद्दल कोण बोलणार? पावसाळा होता तोवर काही कळलं नाही. पुढच्या फेब्रुवारीत ऊन लागलं आणि तो थर वाळून पापुद्र्यासारखा तडकला. पाणी घातलं की वरच्या वर वाहून जाई, हरळी पिवळी पडत चालली. मुलगा म्हणाला, उपटून नवीन कार्पेट लॉन टाकू. मी थांबवलं. हरळीचे धागे मातीखाली जिवंत असतात.

गार्डन फोर्कनं वीतभर अंतरावर तीन-चार इंच खोल भोकं पाडली, त्यांत वाळू आणि चाळलेलं कंपोस्ट झाडूनं लोटलं. पाणी रोज शिंपडणं बंद करून दोन-तीन दिवसांआड पहाटे भरपूर द्यायला लागलो, म्हणजे मुळं खाली जातात. कापताना एका वेळी पात्याच्या तिसऱ्या भागापेक्षा जास्त काढत नाही. उन्हाळ्यात गवत थोडं उंच राहिलेलं बरं, माती झाकलेली राहते. एप्रिलपर्यंत हिरवळ जुळून आली. लव्हाळा मात्र खुरप्यानं गाठीसकट खणावा लागतो, नुसता उपटला तर दुप्पट जोमानं येतो. तणनाशक मारलं नाही, कारण आमचा म्हातारा मोती दिवसभर तिथेच पडलेला असतो.

निजामपुरा
गोचिडांविषयी लिहिते. कुत्र्याला औषध लावलं की काम झालं असं पुष्कळांना वाटतं. गोचीड आयुष्याचा थोडाच काळ अंगावर असते. उरलेला भिंतीच्या फटीत, कुंडीखाली, अंथरुणाच्या शिवणीत. एक मादी हजारो अंडी घालते. टॉर्च घेऊन बघा, कुत्रा झोपतो त्या कोपऱ्यात भिंतीच्या वरच्या कडेला मोहरीएवढे तपकिरी ठिपके सरकताना दिसतील. आम्ही फटी सिमेंटनं भरल्या, गोधडी उकळत्या पाण्यातून काढली, कुंड्या भिंतीपासून लांब सरकवल्या. तेव्हा कुठे फरक पडला. कुत्रा जेवेनासा झाला, अंग तापलं, हिरड्या पांढुरक्या दिसल्या किंवा नाकातून रक्त आलं, तर त्याच दिवशी रक्त तपासून घ्या. टिक फीवर, म्हणजे गोचिडांमुळे होणारा ताप, वेळेत कळला तर औषधानं बरा होतो.

अकोटा
निजामपुराला जोडून, मांजरवाल्यांसाठी. कुत्र्याच्या मानेवर टाकायच्या गोचिडांच्या कित्येक थेंबांत परमेथ्रिन हे कीटकनाशक असतं. मांजराच्या यकृताला ते पचवता येत नाही, झटके येऊन जीव जाऊ शकतो. घरात दोघं असतील तर कुत्र्याला कुठलं औषध आणलंय ते डॉक्टरांकडून पक्कं करून घ्या.

अलकापुरी
एक विनंती. उन्हाळा येतोय म्हणून पॉमेरेनियनचे केस मुळापासून भादरू नका. ती दुहेरी लव उन्हापासूनही राखते. रोज विंचरा, आतली मेलेली लव काढा, तेवढं पुरतं. आणि फिरायला सकाळी आठच्या आत. डांबरावर तळहाताची मागची बाजू टेकवून पाहा, आपल्याला सोसलं नाही तर त्याच्या पंजांनाही सोसणार नाही.

प्रतापनगर
पतंगाच्या दोराबद्दल कुणीच लिहिलं नाही. उत्तरायणात दरवर्षी 10 ते 20 जानेवारी करुणा अभियान चालतं, जखमी पक्षी उचलले जातात. पण झाडांवर लोंबणारा मांजा मार्चमध्येही तसाच असतो, आणि नेमक्या त्याच वेळी पाखरं घरटी बांधायला काड्या-दोरे गोळा करत असतात. मागच्या फाल्गुनात आमच्या कडुनिंबावर कावळा पंख अडकून लटकला होता. फायर ब्रिगेडच्या माणसांनी सोडवला.

तेव्हापासून छाटणीच्या आधी मी बांबूला विळा बांधून आख्खं झाड चाचपतो. हातात जाड कातडी मोजे, कारण दोरावर काच असते. छाटायची फांदीही खालून नीट न्याहाळतो. शिंजीर आणि शिंपी ही पाखरं याच महिन्यांत घरटी करतात. फांदीवर घरटं असेल तर ती पिल्लं उडेपर्यंत राहू द्यायची. निघालेला दोर बोटभर तुकडे करूनच कचऱ्यात टाका. लांब गुंता तसाच फेकला तर रस्त्यावरच्या गायी-कुत्र्यांच्या पायाला बसतो.