रे: पत्रक उद्या छपाईला – ‘तिन्ही एकत्र’ ठेवायचं की काढायचं?

माई:
पान दोनवर ‘अन्ननलिकेच्या कॅन्सरला किमो, रेडिएशन आणि इम्युनोथेरपी एकत्र देतात’ या ओळीवर अण्णांनी लाल रेघ मारलीय, कारण न लिहिता. आज रात्रीपर्यंत कारण द्या, नाहीतर ओळ तशीच जाईल.

अण्णा:
कारण बैठकीत सांगितलं होतं, तेव्हा सगळे निघायच्या घाईत. ‘एकत्र’ वाचलं की लोकांना वाटतं तिन्ही एकाच दिवशी. ऑपरेशन करायचं असेल तर आधी रेडिएशन, २३ वेळा, आणि सोबत आठवड्याला एकदा कार्बोप्लॅटिन-पॅक्लिटॅक्सेल ही किमो. मग ऑपरेशन. काढलेल्या भागात कॅन्सरच्या पेशी शिल्लक दिसल्या, तर पुढे वर्षभर निवोलुमॅब, म्हणजे शरीराच्या प्रतिकारशक्तीला कॅन्सरशी लढायला लावणारी इम्युनोथेरपी. २०२१च्या चेकमेट-५७७ चाचणीत आजार न उलटता गेलेला मध्यक काळ ११ महिन्यांवरून २२.४ झाला, तो असा पाठोपाठ देऊन.

वहिनी:
आमच्याकडे ऑपरेशन झालंच नाही, गाठ फार वर होती. रेडिएशनच्या चौथ्या आठवड्यात हे पाण्याचा एक घोट गिळताना उशीची कड मुठीत धरायचे. हे कुठल्या पानावर आहे?

दादा:
वहिनी, पान तीनवर टाकतो. गिळण्याआधी घ्यायचं बधिर करणारं औषध आणि वेळ पडली तर अन्न देण्यासाठी नळी, दोन्ही लिहितो. आणि कोरडा खोकला, धाप! फुफ्फुसाला सूज रेडिएशननेही येते, इम्युनोथेरपीनेही. साधा खोकला समजून घरी बसू नये, त्याला बहुधा स्टेरॉइड लागतात.

नाना:
अण्णांचा क्रम जुना झालाय. अ‍ॅडिनोकार्सिनोमात, म्हणजे ग्रंथींच्या पेशींच्या कॅन्सरमध्ये, फ्लॉट नावाची चार औषधांची किमो, ऑपरेशनआधी आणि नंतर, रेडिएशन नाहीच. एसोपेक चाचणीत जगण्याचा मध्यक काळ ६६ महिने, किमो-रेडिएशनवाल्या गटात ३७.

अण्णा:
नाना, स्क्वॅमसला, म्हणजे अस्तरातल्या चपट्या पेशींच्या कॅन्सरला, ते लागू नाही. पत्रक दोन्हींसाठी आहे. वैद्यकीय मजकूर आमच्या गटाने बघायचा असं ठरलंय.

नाना:
मग ‘एकत्र’ला सरसकट काट का? आजार पसरलेला असेल तर किमो आणि पेम्ब्रोलिझुमॅब ही इम्युनोथेरपी सोबतच सुरू करतात.

माई:
नवी ओळ: ‘कोणता उपचार आधी, कोणता सोबत, कोणता नंतर, हे गाठीचा प्रकार आणि आजाराची पायरी बघून ठरतं.’ चालेल?

अण्णा:
चालेल. पण मुखपृष्ठावर अजून ‘तिन्ही एकत्र’च आहे, मोठ्या अक्षरात.